वहिनीला तारीख कळवलीस का?

माई, चार वर्षांपूर्वी माझा दादा कुंडईच्या कारखान्यातून सेकंड शिफ्ट सुटून स्कूटरने घरी येत होता. दारू पिऊन गाडी हाकणाऱ्याने त्याला उडवलं. दादा जागीच गेला. आता त्या माणसाला जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 304 च्या दुसऱ्या भागाखाली, म्हणजे सदोष मनुष्यवधासाठी, दोषी धरलंय आणि पुढच्या शुक्रवारी मेरशीच्या कोर्टात शिक्षेवर सुनावणी आहे. दादाच्या पाठीशी अख्खा गाव आहे हे न्यायाधीशांना दिसायला हवं. मी बस ठरवली आहे, दादाच्या फोटोचे टी-शर्ट छापायला दिलेत, सह्या गोळा करतेय, देवळाच्या कमिटीलाही सांगितलंय. पण लोक नुसतं 'बघूया' म्हणतात. (वहिनी मुलांना घेऊन वाळपईला माहेरी असते. तिला उगाच त्रास नको म्हणून कळवलेलं नाही.) काय लिहिलं म्हणजे लोक येतील?
– एक बहीण, डिचोली तालुका

अगं, तारीख बसवाल्याला माहीत, टी-शर्ट छापणाऱ्याला माहीत, देवळाच्या कमिटीला माहीत. त्या रात्री जेवण झाकून ठेवून जी दादाची वाट बघत बसली, तिला तेवढी माहीत नाही. आणि हे तू कंसात लिहितेस!

'उगाच त्रास नको' हे वाक्य आपल्याकडे विधवेच्या वाट्याला फार येतं. हळदीकुंकवाला बोलवायचं नाही, त्रास नको म्हणून. लग्नात पुढे उभं करायचं नाही, तेही त्रास नको म्हणूनच. वहिनी माहेरी का गेली, क्लेमच्या पैशांवरून काही झालं का, ते तू लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही. पण गाव 'बघूया' का म्हणतो, ते मला इथे बसून कळतं. 'वहिनी येणार ना?' असं कोणी विचारलं तर तू काय सांगतेस?

आता कोर्टाचं. या कलमाखाली 10 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण किमान शिक्षा कायद्यात लिहिलेली नाही. नुसत्या दंडावरही माणूस सुटू शकतो. त्याचा वकील उभा राहून म्हणेल, पहिलाच गुन्हा, म्हातारे आईबाप, लहान मुलं. सह्यांचा गठ्ठा त्याला उत्तर नाही, सह्या म्हणजे पुरावा नव्हे. घरात कमावतं कोण होतं, मुलांची शाळा कशी चालली, दादा गेल्यावर वहिनीला कुठलं काम धरावं लागलं, हे उत्तर आहे. ते तुझ्याकडे नाही, तिच्याकडे आहे. तिला कोर्टात उभं राहून बोलायला देतीलच असं नाही, पण सरकारी वकिलाला ती हे सगळं सांगू शकते. स्वतःचा वकील दिला तर न्यायालयाच्या परवानगीने लेखी म्हणणंही मांडता येतं. दंडातून भरपाई द्यायचं ठरलं, तर त्या भरपाईवरही वहिनीचा आणि मुलांचा हक्क आहे.

शिक्षा कमी झाली तर पुढे बघू, असं म्हणू नकोस. कमी शिक्षेविरुद्ध अपील सरकारच करू शकतं, घरच्यांना तो अधिकार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली हे स्पष्ट केलंय. (भरपाई अपुरी वाटली तर मात्र घरच्यांना अपील करता येतं.) म्हणजे वहिनीला न सांगता शुक्रवार गेला, तर तिचं म्हणणं राहिलं ते राहिलंच.

गावाने येऊच नये असं मी म्हणत नाही. कोर्ट सगळ्यांना उघडं असतं आणि मागच्या बाकावर आपली चार माणसं दिसली की बाईमाणसाला धीर येतो. पण ती चार माणसं कोण, हे वहिनी ठरवेल. एकसारखे टी-शर्ट घालून पन्नास जण आत शिरलात, तर न्यायालयावर दबाव आणताहेत म्हणून आरोपीचा वकील तुमच्याकडेच बोट दाखवेल.

तर उद्या सकाळची वाळपईची बस धर. फोन करू नकोस, फोनवर ती 'बरं' म्हणेल आणि ठेवून देईल. एकटी जा, आईलाही नेऊ नकोस. तारीख सांग, वेळ सांग, सरकारी वकिलाला कुठे भेटायचं ते सांग. इतके दिवस का कळवलं नाही, याची सबब सांगत बसू नकोस. मग गप्प बस आणि ती काय बोलते ते ऐक. रागावली तर रागावू दे. यायचं नाही म्हणाली, तर गळ घालू नकोस, सरकारी वकिलाला काय सांगायचंय ते तिच्या शब्दांत उतरवून घे. येते म्हणाली, तर गावातलं कोण सोबत हवं ते विचारून घे आणि त्या घरांत तू स्वतः जा. कोर्टात लोक मेसेज वाचून येत नाहीत, दारात जाऊन बोलावलं तर येतात.

आणि टी-शर्टांची ऑर्डर आजच रद्द कर. आगाऊ दिलेले पैसे बुडाले तर बुडू देत.