‘असोसिएट’ मोठी की ‘ॲनालिस्ट’?

फोंड्याहून एका वडिलांचं पत्र आलंय. त्यांची मुलगी झुआरीनगरच्या बिट्समधून केमिकल इंजिनिअर झाली. दीड वर्ष वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात काम केलं. आता एकाच आठवड्यात मुंबईतल्या दोन सल्लागार कंपन्यांची ऑफर लेटर्स तिच्या हातात आली आहेत: मॅकिन्झी आणि बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप, म्हणजे बीसीजी. पगारात फरक थोडासाच. वडील लिहितात: ‘बीसीजी तिला असोसिएट म्हणून घेतेय, मॅकिन्झी नुसती बिझनेस ॲनालिस्ट. असोसिएट मोठं पद ना? पण माझे मेहुणे म्हणतात, मॅकिन्झी जुनी, तिथंच पाठव. मुलगी काही बोलत नाही. दहा दिवसांत कळवायचंय.’

नमस्कार. तुमची काळजी समजते. पदापासूनच सुरुवात करतो, कारण त्या एका शब्दानं बऱ्याच घरांत घोळ होतो. बीसीजीत पदवीनंतर येणारी मुलं ‘असोसिएट’ म्हणून लागतात आणि एमबीए करून आलेली ‘कन्सल्टंट’ म्हणून. मॅकिन्झीत पदवीवाले ‘बिझनेस ॲनालिस्ट’ आणि एमबीएवाले ‘असोसिएट’. म्हणजे एकाच शब्दाची पायरी दोन घरांत वेगळी. तुमच्या मुलीला दोघांनीही पहिल्याच पायरीवर बोलावलंय. तेव्हा पदाचा मुद्दा इथेच सोडून द्या.

मेहुण्यांचं म्हणणं चूक नाही. मॅकिन्झी 1926 ची, बीसीजी 1963 ची. पण तिसरी मोठी स्पर्धक बेन, ती 1973 मध्ये बिल बेन यांनी बीसीजीतून बाहेर पडून काढली. माणसं एका घरातून दुसऱ्या घरात गेली, त्यांच्याबरोबर कामाची पद्धतही गेली. आज या तिन्हींच्या मुलाखतीतसुद्धा उमेदवारापुढे एखाद्या धंद्याची अडचण ठेवतात आणि ‘सोडव’ म्हणतात. पुढे नोकरी बदलताना या दोन्हींपैकी कुठलंही नाव बायोडेटावर असलं तरी दार उघडतं. सदतीस वर्षांच्या वडीलकीवर निर्णय घेण्याजोगं त्यात काही उरलेलं नाही.

मग बघायचं काय? आपल्याकडे जत्रेत नाटक असतं तेव्हा पडद्यावर मंडळाचं नाव मोठ्या अक्षरांत असतं. पण नवख्या नटाचं काय होणार हे ठरतं तालीम मास्तरावर. तो उच्चार सुधारून घेणारा असेल तर पोर दोन वर्षांत उभं राहतं. नाहीतर भालदार-चोपदारातच रमतं. सल्लागार कंपनीत तो तालीम मास्तर म्हणजे प्रकल्पाचा मॅनेजर. चार-पाच जणांची टीम, काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा प्रकल्प, आणि रोज रात्री आपलं काम तपासणारा तो एक माणूस. शिकायचं ते त्याच्याकडून. दर थोड्या महिन्यांनी कामाचं मूल्यमापन होतं, त्यातही त्याचाच शब्द जड. आणि या धंद्यात ‘वर चढा नाहीतर बाहेर पडा’ ही रीत आहे, हे तुम्हाला आधीच माहीत असलेलं बरं. दोन-तीन वर्षांनी ती तिथून निघाली तर तिचं काही बिनसलं असं समजू नका. तिथली बरीचशी मुलं तेवढ्यात एमबीएला किंवा दुसऱ्या कंपनीत जातातच.

दुसरी गोष्ट, प्रकल्प कुठले मिळणार. मुंबईत रिझर्व्ह बँक आहे, सेबी आहे, दोन्ही मोठे शेअर बाजार आहेत, बँका-विमा कंपन्यांची मुख्यालयं आहेत. साहजिकच तिथल्या सल्लागारांकडे पैशाच्या धंद्याचं काम भरपूर. तुमच्या मुलीनं वेर्ण्यात औषधाची बॅच हातानं काढलीय. तिला कारखान्याचंच काम पुढे न्यायचं असेल तर कुठल्या कंपनीत नवख्यांना तसं काम मागता येतं आणि मागून मिळतं, हे विचारायलाच हवं. माझ्याकडे येणाऱ्यांत साखळीचा एक मुलगा होता. कंपनी उत्तम होती, पण त्यानं हे विचारलं नाही आणि सलग आठ महिने एका बँकेच्या कर्जखात्यांत गेले. तो हुशार होता, पण दमला. मला आजही वाटतं, तेव्हा मीच त्याला हे विचारायला सांगायला हवं होतं.

हे विचारायचं कुणाला? भरती करणाऱ्यांना नव्हे. ऑफर दिल्यावर कंपन्या आपल्या माणसांशी बोलणं करून देतात. तिनं मुंबई कार्यालयातल्या, रुजू होऊन दोन वर्षं झालेल्या निदान तीन-तीन जणांशी बोलावं. क्लायंटचं नाव कुणी सांगणार नाही, ते गुप्त असतं. पण ‘तुमचे मागचे चार प्रकल्प कुठल्या क्षेत्रातले होते, आणि त्यातले तुम्ही मागून घेतलेले किती?’ एवढं सांगतात. ‘मागच्या मॅनेजरच्या हाताखाली पुन्हा काम कराल का?’ हा प्रश्न जरूर विचारावा आणि उत्तर यायला किती वेळ लागतो तेही ऐकावं. ‘तुमच्याबरोबर लागलेल्यांपैकी आज कोण आहे, गेलेले कुठे गेले?’ हाही.

दोन्ही कार्यालयं मुंबईत कुठे आहेत, खोली कुठे घ्यायची, याची चिंता तुम्ही पत्रात पानभर केलीत. पुष्कळ प्रकल्पांत सोमवार ते गुरुवार क्लायंटकडे आणि शुक्रवारी आपल्या कार्यालयात, असा आठवडा असतो. क्लायंट गुजरातेतही असू शकतो. शुक्रवारी मोकळी झाली तर रात्रीच्या कोकणकन्येनं शनिवारी सकाळी करमळीला उतरेल. दर आठवड्याला मात्र धरून चालू नका. तिच्या आईलाही हे आत्ताच सांगा.

पगारातल्या थोड्या फरकासाठी ओढाताण नको. पण रुजू होताना मिळणारा बोनस वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास परत करावा लागतो का, आणि एमबीएचा खर्च कंपनी देत असेल तर त्या बदल्यात किती वर्षं परत यावं लागतं, हे दोन्ही पत्रांत वाचा. लिहिलेलं नसेल तर ईमेलनं विचारून लेखी घ्या.

आणि मुलगी बोलत नाही म्हणता. तुम्ही दोघं मोठी माणसं पद आणि जुनेपणा यावर बोलताय. तिला कदाचित मॅनेजरबद्दल बोलायचं असेल. हे फोन तिला तिच्या खोलीत, दार लावून करू द्या. मग तिनं काय ऐकलं ते तिच्याच तोंडून ऐका, मेहुण्यांना न बोलावता. दहातले सहा दिवस फोनसाठी ठेवा. तरीही अडलं तर सातव्या दिवशी तिला मला फोन करायला सांगा. मात्र तिनंच करायचा.