सोळाव्या वर्षी स्कूटरची चावी

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत, विज्ञान शाखेत आहे. आम्ही बारामतीजवळच्या एका गावात राहतो आणि त्याचा क्लास सात किलोमीटरवर, शहरात आहे. बरोबरीची बरीच मुले घरची स्कूटर घेऊन जातात, म्हणून तोही रोज चावी मागतो. त्याला स्कूटर चालवता येते, तेव्हा आता शिकवायचे काय राहिले, असे त्याच्या वडिलांचे म्हणणे आहे. मला मात्र धास्ती वाटते. त्याला काय आणि कसे शिकवावे?

उत्तर : तुमच्या यजमानांच्या म्हणण्यापासूनच सुरुवात करते. स्कूटर चालवता येणे आणि ती रस्त्यावर चालवता येणे या निराळ्या गोष्टी आहेत. तोल सांभाळणे आणि ब्रेक दाबणे मूल दोन दुपारींत शिकते. परंतु कडेला थांबलेल्या रिक्षाचे पुढचे चाक किंचित उजवीकडे वळलेले दिसताच ती आता रस्त्यात येणार हे ओळखायला पुष्कळ दिवस लागतात, आणि ते शिकण्यासाठी हँडल हातात असावे लागत नाही.

चावी अर्थातच देऊ नका. सोळाव्या वर्षी केवळ 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना मिळू शकतो, आणि घरोघरी असणाऱ्या स्कूटर 110 किंवा 125 सीसीच्या असतात. मोटार वाहन कायद्यात 2019 साली घातलेल्या 199-अ या कलमानुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड आणि वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द. मुलालाही पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला ठाऊक नव्हते, हा बचाव स्वतःच्या हाताने चावी देणाऱ्या पालकाला कसा करता येईल?

अठरा पूर्ण होईपर्यंतची वर्षे मात्र वाया घालवू नका. त्याला मागे बसवा, त्याच्याही डोक्याला आयएसआय चिन्हाचे, पट्टा लावलेले हेल्मेट घाला आणि पुढे काय घडेल असे वाटते ते त्याला मोठ्याने बोलायला सांगा. 'एसटी थांबली आहे, तिच्या पुढून कोणी पळत येईल', 'वळणावर खडी आहे', 'कुत्रे रस्त्याकडे पाहत आहे'. पहिल्या दिवशी त्याला निम्म्याही गोष्टी दिसणार नाहीत. ज्या सुटल्या, त्या घरी पोहोचल्यावर शांतपणे सांगा. तुमच्या भागात उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर रात्री मागच्या दिव्यांशिवाय चालतात, ते किती उशिरा दिसतात हे त्याला मुद्दाम दाखवा. ओळखीच्या ट्रकवाल्याला विनंती करून उभ्या गाडीत चालकाच्या जागी त्याला बसवा आणि तुम्ही डाव्या बाजूला, केबिनला खेटून उभ्या राहा. आई दिसत नाही, हे त्याने स्वतः पाहिले की मोठ्या वाहनाच्या डावीकडून घुसू नये, हे वेगळे समजावावे लागत नाही.

विज्ञानाचा विद्यार्थी असल्यामुळे वेगाचे गणित त्यालाच मांडायला लावा. ताशी 40 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे 11 मीटर जाते, 60 ने जवळजवळ 17. म्हणजे धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तरी एवढे अंतर आधीच सरलेले असते; आणि ब्रेक लागल्यानंतर थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे येथे सव्वादोन पट होते. हे अंतर अंगणात पावलांनी मोजून घ्या. वहीतल्या उत्तरापेक्षा ते अधिक लक्षात राहते.

एक गोष्ट थोडी संकोचाने लिहिते. खांद्यात मोबाइल धरून गाडी चालवणाऱ्या वडिलांच्या मागे बसलेला मुलगा तेवढेच शिकतो. हा मजकूर यजमानांनाही वाचायला द्या.

तोवर क्लासचे काय, हा प्रश्न उरतो. ताशी 25 किलोमीटरच्या आतील वेगाच्या आणि 250 वॉटपर्यंतच्या विजेच्या दुचाकीला परवाना लागत नाही. पण विक्रेत्याच्या शब्दावर न जाता तिची कागदपत्रे तपासा, कारण याच नावाखाली अधिक वेगाच्या गाड्याही गळ्यात मारल्या जातात. मला तरी एसटीचा विद्यार्थी पासच बरा वाटतो. बसची वेळ जुळत नसेल, तर त्या मार्गावरच्या चार-पाच पालकांनी मिळून क्लासच्या संचालकांना भेटावे आणि तासाची वेळ थोडी मागेपुढे करून मागावी.