रुमानिया नवख्यालाच का देतात?

प्रश्न असा आहे : "हेक्सचे नकाशे आणि शेकडो काउंटर असलेले युद्धखेळ खेळणाऱ्या एका जुन्या गटात मला जायचं आहे. नवख्याला ते कसं वागवतात? काय तयारी करून जाऊ?"

कसं वागवतात ते आधी सांगतो. रुमानिया देतात.

वाचून ज्यांना हसू आलं ते या नादातले जुने खोंड. बाकीच्यांसाठी थोडं मागं जातो. हेक्स म्हणजे नकाशावरची षटकोनी घरं, आणि काउंटर म्हणजे एकेका फौजेची पुठ्ठ्याची सोंगटी. १९४२ च्या हिवाळ्याच्या तोंडावर जर्मनांची सहावी आर्मी स्टालिनग्राड शहरात घराघरासाठी भांडत होती, आणि तिच्या दोन्ही बगला रुमानियन फौजांच्या भरवशावर सोडलेल्या होत्या. वायव्येला डॉन नदीच्या अंगाला तिसरी रुमानियन आर्मी, दक्षिणेला चौथी. रणगाड्यांपुढं टिकतील अशा तोफा मोजक्या. नदीच्या अलीकडं, सेराफिमोविच आणि क्लेत्स्काया इथं, रशियनांनी आधीच पाय रोवलेले. तिसऱ्या आर्मीचा जनरल दुमित्रेस्कू ते पाय उखडून टाकूया म्हणून जर्मनांच्या मागं लागला होता. कुणी ऐकलं नाही. १९ नोव्हेंबरला रशियन नेमके तिथनंच घुसले, आणि २३ तारखेला दोन्ही बाजूंनी येऊन कलाचजवळ एकमेकांना भेटले. आत अडीच लाखांवर माणूस कोंडला गेला.

आता हाच खेळ टेबलावर मांडला की रुमानियाला कामच नसतं. ओळ धरून बसायचं, चढाई करायची नाही, आणि एक दिवस मार खायचा. जुन्या माणसाला ते नको असतं. मग "तू शिकतोयस ना, तुला सोपं देऊ" म्हणत नव्याच्या गळ्यात मारतात. आणि बगल फुटली की दोष कुणाचा, हे वेगळं सांगायला नको.

मी सांगलीतल्या अशा गटात गेलो २०१८ च्या दिवाळीनंतर. हळदीच्या अडतीत माझं हिशेबाचं काम, त्यामुळं आकड्यांची भीती नव्हती. गट पाच जणांचा. आबा त्यातले म्होरके. आबा म्हणजे आमच्यातल्या कुणाचेच आजोबा नव्हेत. वयानं मोठे, गावभागातला वाडा त्यांचा, खेळाची पेटी त्यांची, म्हणून आबा. पेटीतला नकाशा त्यांना बारीक दिसायचा, म्हणून तो मोठा करून फ्लेक्सवर छापून घेतलेला. छापणारा वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक करणारा. त्यानं विचारलं होतं म्हणे, की यात साहेबांचा फोटो कुठं टाकायचा? काउंटरही मोठे करून जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले. जर्मन तुकडी उलटी केली की मागं अर्धा गणपती आणि "आमच्या येथे श्रीकृपेकरून".

वाड्याच्या तळमजल्यावर, दोन स्टुलांवर एक जुनं दार आडवं टाकून त्यावर हा संसार मांडलेला असायचा. एका हेक्सवर तीन-तीन काउंटरची चवड. ती बोटांनी हलवायची नाही, भुवयांच्या चिमट्यानं हलवायची. पहिल्याच रविवारी माझ्या शर्टाची बाही लागून सगळं खारकोव्ह खाली पडलं. तेव्हा पहिली तयारी सांगून टाकतो : अर्ध्या बाहीचा शर्ट घालून जा.

आबांचा नियम एकच, "आधी रूलबुक पाठ कर, मग टेबलाला हात लाव." हा नियम मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झनं १८२४ साली अधिकाऱ्यांना युद्धखेळ शिकवायला घेतला तेव्हाही नियमांचं ओझं होतंच. पुढं अधिकारी वैतागले, आणि १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ म्हणाला की नियम जाऊ द्या, लढाई पाहिलेला पंच बसवा, तो निकाल देईल. म्हणजे आबांचं आणि माझं भांडण तसं दीडशे वर्षं जुनं आहे, आणि माझ्या बाजूला एक जर्मन जनरल आहे. चाळीस पानं वाचून काही कळत नाही. टर्नचा क्रम, चाल, झोन ऑफ कंट्रोल (तुकडीच्या शेजारची, तिचा धाक असलेली घरं) आणि लढाईचा तक्ता एवढं वाचा, सप्लायचं पान दोनदा वाचा आणि जाऊन बसा. बाकीचं हरताना कळतं.

तर जून २०१९ ला आम्ही स्टालिनग्राड मांडलं. आबा जर्मन, तात्या रशियन, बाकी दोघं एकेका बाजूला, आणि मला अर्थातच रुमानिया. दर रविवारी दोन टर्न. माझ्या मागं एक राखीव कोअर होती, अठ्ठेचाळिसावी पँझर, म्हणजे रणगाड्यांची. खऱ्या युद्धातही ती तिथंच होती, आणि तिच्यातल्या बाविसाव्या डिव्हिजनचे रणगाडे गवतात झाकून ठेवल्यामुळं उंदरांनी त्यांच्या वायरी कुरतडल्या होत्या असं सांगतात. अर्ध्या वायरी गेलेली का असेना, माझ्या मागं ती एवढीच होती. आबा शहरात अडकले होते. व्होल्गा दोन हेक्सवर, आणि दर टर्नला "अजून एक डिव्हिजन मिळाली की संपलं." मी म्हटलं, आबा, बाविसावी हलवू नका. पुढच्या रविवारी परत म्हटलं. तिसऱ्या रविवारी म्हटलं तेव्हा आबा चष्म्यावरून बघून म्हणाले, "तू तुझी ओळ धर. वरचं मी बघतो."

४ ऑगस्टचा रविवार. बाहेर पाऊस असा की वाड्याच्या पन्हाळीचा आवाज बोलण्यावर चढत होता. दर अर्ध्या तासानं कुणाच्या तरी मोबाइलवर आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलं त्याचा आकडा यायचा. सांगलीकराला हे समजावून सांगावं लागत नाही : ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. आम्ही आकडा ऐकायचो आणि फासे टाकायचो. तात्यांनी नोव्हेंबरचा टर्न सुरू केला आणि क्लेत्स्कायासमोर चवडीवर चवड आणून ठेवली. त्यांचे ताकदीचे पॉइंट पंधरा, माझे पाच. तीनास एक. चौदा असते तर उरलेलं सोडून दोनास एकच धरतात, म्हणून तात्यांनी तो एक पॉइंट कुठनं कुठनं ओढून आणला होता. अडतीत पैशाला पैसा जुळवणाऱ्या माणसाला ते बघून वाईट वाटायच्या आधी कौतुक वाटलं. फासा पाच. माझी डिव्हिजन मागं हटायला हवी होती, पण माघारीची वाट शत्रूच्या झोनमधनं जात होती, म्हणून ती जागेवरच गेली. मग शेजारची. मग तिच्या शेजारची. मागं वळून बघितलं तर बाविसावी जागेवर नव्हती.

आबा बघत होते. म्हणाले, "रुमानिया नवख्याला दिला की असंच व्हायचं."

त्या वाक्यासाठी मी हे उत्तर लिहितोय. गटात ती म्हण झाली. कुणाचा बँकेचा फॉर्म चुकला की "रुमानिया झाला". माझ्या गाडीला चलान बसलं, तरी रुमानिया झाला.

माझ्याकडं पुरावा आहे. खेळ आठवडाभर तसाच मांडलेला राहायचा, म्हणून उठताना मी मोबाइलवर फोटो काढून ठेवायचो. २८ जुलैच्या फोटोत स्टालिनग्राडच्या चवडीत सगळ्यात वरचा काउंटर स्पष्ट दिसतो. जवळजवळ स्पष्ट. पहिला आकडा दोन आहे, त्यात वाद नाही. दुसरा मी दोन वाचतो, आबा चार वाचतात. चोविसावी पँझर ही खरोखरच शहरात लढणारी डिव्हिजन, तिथं तिचं असणं रास्तच. म्हणजे तो चार असेल तर आबांनी काहीच हलवलं नव्हतं, आणि दोन असेल तर माझी बगल त्यांनी उघडी टाकली. वर ट्यूबलाइटची चमक नेमकी त्याच कोपऱ्यावर.

काउंटर उचलून बघितला असता तर मिटलं असतं. पण त्या आठवड्यात पाणी गावभागात शिरलं. आयर्विनला ५७ फुटांच्या वर गेलं. आबांच्या घरचे आधी वरच्या मजल्यावर आणि मग नावेतनं बाहेर. पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल काढायला गेलो तेव्हा दार भिंतीला टेकून उभं, आणि फ्लेक्स खिडकीच्या गजांत गुंडाळून बसलेला. त्याला काही झालं नव्हतं. नळीनं धुतला, अंगणात दोरीवर टाकला, डॉन आणि व्होल्गा परत निळ्या झाल्या. काउंटरचा मात्र लगदा. सगळ्या डिव्हिजनचा मिळून एक गोळा, त्यात मधनंच लग्नपत्रिकेचा सोनेरी कण. तात्या म्हणाले, निकाल बरोबरीत धरू. आबा म्हणाले, बरोबरी कसली, रुमानिया फुटलाच होता.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला : जी बाजू देतील ती घ्या, पण खेळ सुरू व्हायच्या आधी राखीव कुणाच्या हुकमात ते लिहून घ्या. तोंडी नको. फोटो काढताना ट्यूबलाइट बंद करा.

बाकी थोडक्यात. घरी आधी 'बॅटल फॉर मॉस्को' खेळून बघा. १९८६ चा फ्रँक चॅडविकचा खेळ, नवख्यांसाठीच केलेला, फक्त ७ टर्नचा. तासा-दोन तासांत संपतो, आणि झोन, सप्लाय, बदली कुमक हे सगळं त्यात येतं. असे खेळ संगणकावर मांडून खेळायला व्हॅसल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, लॉकडाऊनमध्ये आम्ही त्यावरच होतो. त्यात प्रत्येक चालीची नोंद राहते. ते २०१९ ला आमच्या टेबलावर असतं तर हे उत्तर एवढं लांबलं नसतं.

'हार्ट्स ऑफ आयर्न ४' या संगणकावरच्या युद्धखेळाचे हजार तास खेळून आला असाल तर पहिल्या दिवशी सांगू नका. खेळ वाईट आहे म्हणून नव्हे, मीही खेळतो. पण तिथं बेरीज संगणक करतो, इथं तुम्ही करायची असते, आणि हजार तास सांगितले की लोक तुमची बेरीज चुकायची वाट बघत बसतात. आणखी एक, आपल्याकडचा नवखा आला की अर्ध्या तासात पानिपत काढतोच. १४ जानेवारी १७६१ ला काय चुकलं याची मतं त्या टेबलावरच्या प्रत्येकाकडं आहेत. रसद तुटली एवढ्यावर सगळ्यांचं एकमत आहे, तिथंच थांबा.

हे सगळं एका गटावरून सांगतोय, हेही खरं. शेजारी बसवून, चुकलेली चाल मागं घेऊ देऊन शिकवणारे लोकही आहेत. आमचे तात्या तसेच. आणि आबांबद्दल जास्त बोललो असेन. पाचांचा गट वीस वर्षं टिकवायला कुणीतरी हट्टी लागतोच, आणि पुरानंतर महिन्याभरात नवे काउंटर त्यांनीच एकट्यानं कापले.

सांगायचं नव्हतं, पण सांगतो. मी सगळ्या डिव्हिजन पहिल्या ओळीत लावल्या होत्या. मागं एकही नाही. आबांनी जुलैत एकदा म्हटलं होतं, एखादी मागं ठेव, माघारीची वाट मोकळी राहील. मी ऐकलं नाही. बाविसावी जागेवर असती तरी त्या तीन डिव्हिजन वाचल्या असत्या का, ते आता कोण सांगणार. पण ती जागेवर नव्हती, हा मुद्दा राहतोच.

तुम्ही जाताय तो गट कुठला? सांगलीतलाच असेल आणि वाड्यात दोरीवर डॉन नदी वाळत घातलेली दिसली, तर आबांना फोटोबद्दल विचारू नका. किंवा विचाराच, आणि काय म्हणाले ते मला कळवा.