राज्य कोणावर? ‘मेटल गिअर’बद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात, शत्रूपासून लपत खेळायच्या ‘मेटल गिअर’ या व्हिडिओ गेम सिरीजमधल्या ‘मेटल गिअर सॉलिड डेल्टा’बद्दल मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, पण त्यावर जेवढे प्रश्न आले तेवढे वर्षभरात कुठल्याच गेमवर आले नव्हते. सगळे काही घेता येणार नाहीत, पण जे घेतलेत त्यांना नीट उत्तरं देतोय, ही सिरीज मला लहानपणापासून जवळची आहे त्यामुळे एकदोन ठिकाणी जरा लांबलंय.

डेल्टा संपवला, जाम आवडला. आता बाकीचे भाग खेळायचेत पण क्रमच लागत नाही. तिसरा भाग सगळ्यात आधी घडतो म्हणे, मग सुरुवात कुठून करू? – एसवाय बीकॉमचा विद्यार्थी, कोथरूड

ज्या क्रमाने बाजारात आले त्याच क्रमाने खेळ, दुसरा कुठलाही क्रम मी सांगणार नाही. गोष्टीतल्या सालांच्या मागे लागलास तर १९६४ नंतर १९७४, मग १९८४, मग १९९५ असं जावं लागेल आणि त्यात २०१५ चा गेम खेळून झाल्यावर एकदम १९८७ च्या गेमवर उडी येईल, हात पार अडखळतील. शिवाय प्रत्येक भाग असं धरून चालतो की आधी आलेले भाग तू खेळलायस. म्हणजे १९९८ चा ‘मेटल गिअर सॉलिड’, मग २००१ चा दुसरा, मग २००४ चा ‘स्नेक ईटर’ (डेल्टा म्हणजे तोच, नव्याने केलेला, आवाज जुनेच), मग २००८ चा चौथा आणि शेवटी २०१५ चा ‘फँटम पेन’. पहिले तीन २०२३ मध्ये आलेल्या ‘मास्टर कलेक्शन’मध्ये आहेत, १९८७ आणि १९९० चे जुने दोनपण त्यातच मिळतात, ते नंतर सावकाश खेळलास तरी चालतील. दुसऱ्या भागात थोडं पुढे गेल्यावर एक मोठा धक्का बसेल, तेव्हा चिडून बंद करू नकोस एवढंच सांगतो, त्या वेळी लाखो लोक चिडले होते आणि आज त्यातलेच कितीतरी त्या भागाला सगळ्यात वरचं स्थान देतात.

युद्धावरचा गेम असून मारामारी करायची नाही, लपायचं, ही कल्पना सुचली कशी? आणि मग ३० वर्षांहून जास्त तेच करत राहिले तर त्यात नवीन काय आलं? – इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, धनकवडी

पहिल्या अर्ध्याचं उत्तर असं की मशीनला मारामारी झेपत नव्हती. हिदेओ कोजिमा १९८६ ला कोनामी कंपनीत लागला, वय जेमतेम बावीस-तेवीस, आणि त्याच्याकडे एमएसएक्स२ नावाच्या घरगुती कॉम्प्युटरसाठी युद्धाचा गेम करायचं काम आलं. आता या एमएसएक्स२ ची अडचण काय, तर स्क्रीनवरच्या एका आडव्या रेषेत आठपेक्षा जास्त हलती चित्रं दाखवताच यायची नाहीत, नववं आलं की ते दिसायचंच नाही. नायक, दोनतीन शत्रू आणि वरून गोळ्या, म्हणजे कोटा संपला. असं युद्ध कोण खेळणार? मग त्याने गोष्टच उलटी केली, शत्रू मोजकेच ठेवायचे, गोळ्या शक्यतो नाहीतच, आणि एकटा माणूस शत्रूच्या तळात गुपचूप शिरणार. जुलै १९८७ मध्ये ‘मेटल गिअर’ आला तो असा, आणि ज्याच्यावर आज सगळे जीव टाकतात तो खोक्यात लपायचा प्रकार त्या पहिल्या गेमपासूनच आहे.

दुसरा अर्धा माझ्या जास्त आवडीचा. मी नारायण पेठेतल्या वाड्यात वाढलो, संध्याकाळी रोज डबा ऐसपैस. त्यात लपायच्या जागा दरवर्षी त्याच असायच्या, जिन्याखाली, हौदामागे, कोळशाच्या खोलीत, पण खेळ रोज वेगळा व्हायचा कारण राज्य रोज वेगळ्यावर यायचं. एकाला लांबचं दिसायचं नाही, एक डब्यापासून हलायचाच नाही, आणि एक मुलगी होती तिचे कान इतके तिखट की आमच्या लाकडी जिन्याची तिसरी पायरी करकरली तरी ती वर न बघता नाव घ्यायची. मेटल गिअरमध्ये नवीन काय आलं म्हणशील तर हेच, राज्य ज्याच्यावर आहे तो हुशार होत गेला. गोष्ट, ग्राफिक्स, संगीत सगळं बदललं पण मला विचारलंस तर ही सगळी सिरीज म्हणजे पहारेकऱ्याच्या डोळ्याकानांचा इतिहास आहे.

बघ ना, १९८७ चा गार्ड फक्त नाकासमोर सरळ रेषेत बघतो. त्याच्या रेषेच्या जरा बाजूला उभं राहिलं की त्याच्या लेखी तुम्ही नाहीतच, काही गार्ड तर उभ्या उभ्या डुलक्या काढतात. १९९० च्या दुसऱ्या गेममध्ये तोच गार्ड मान वळवायला लागला, त्याला तिरकं दिसायला लागलं, आणि त्याला कान आले, काही फरशांवर चाललं की आवाज होतो आणि तो बघायला येतो, म्हणजे आमची तिसरी पायरीच की. एका स्क्रीनवरून पळून दुसरीवर गेलं तरी माग सोडत नाही. नायकाला त्या बदल्यात रडार मिळालं आणि सरपटता यायला लागलं. हे सगळं १९९० सालच्या मशीनवर!

१९९८ ला सगळं थ्रीडी झालं. गेमची सुरुवात अलास्कातल्या बर्फाळ बेटावर होते आणि त्या बर्फात आपल्या बुटांचे ठसे उमटतात, मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा मला ते नुसतं छान दिसलं, आणि मग एक गार्ड थांबला, खाली बघितलं, कुणाचे ठसे म्हणाला आणि ठशांवरून चालत चालत थेट मी लपलो होतो त्या कोपऱ्यात आला. तो क्षण मी अजून विसरलेलो नाही. २००१ ला गार्ड एकमेकांशी जोडले गेले, ठराविक वेळाने वायरलेसवर ‘सगळं ठीक’ असं कळवायचं, एखाद्याने कळवलं नाही तर बघायला तुकडी येते, म्हणून बेशुद्ध केलेल्या माणसाला कपाटात लपवायची पाळी आली. कोपऱ्याबाहेर पडलेली सावलीसुद्धा त्यांना दिसते. २००४ ला रान आलं, तुझ्या कपड्यांचा रंग झाडीत किती मिसळलाय ते टक्क्यांत दिसतं, आणि गार्डला पोट आलं. त्यांचं धान्याचं कोठार उडवलं की ते उपाशी राहतात, हळू होतात, आणि समोर टाकलेलं नासकं अन्नसुद्धा खातात. आणि २०१५ ला गार्डला आठवण आली. तू सारखी डोक्यावर नेम धरायला लागलीस की पुढच्या वेळी ते हेल्मेट घालून उभे, रोज रात्री शिरायला लागलीस की अंधारात बघायचे चष्मे येतात. म्हणजे खेळणाऱ्याची एखादी सवय पक्की झाली की तीच त्याच्यावर उलटते, आणि हे मला तरी गोळीबाराच्या कुठल्याही गेमपेक्षा जास्त अवघड वाटतं.

फॅमिकॉमवर आलेला ‘मेटल गिअर’ आणि हा १९८७ चा गेम एकच का? – वाचक, चिंचवड

नाव एक, गेम वेगळा. फॅमिकॉमचा (म्हणजे निन्टेंडोच्या टीव्हीला जोडायच्या गेम मशीनवरचा) त्याच वर्षी डिसेंबरात आला, पण तो कोजिमाच्या टीमने केलेला नाही, सुरुवात जंगलात होते आणि कहर म्हणजे ज्या यंत्राच्या नावाने गेम आहे तो मेटल गिअर त्यात येतच नाही, शेवटी एक कॉम्प्युटर फोडायचा असतो. पण परदेशात तो खूप खपला म्हणून १९९० ला ‘स्नेक्स रिव्हेंज’ काढला, तोही कोजिमाला बाजूला ठेवून. त्यावर काम करणारा एक सहकारी त्याला ट्रेनमध्ये भेटला आणि म्हणाला, खरा दुसरा भाग तूच कर. ही आठवण कोजिमाने स्वतः सांगितलेली आहे. त्या बोलण्यातून १९९० चा ‘मेटल गिअर २’ झाला.

१९९८ च्या गेममध्ये एक जण सांगतो की मुलीचा वायरलेस नंबर सीडीच्या बॉक्सच्या मागे आहे. मी डाउनलोड करून खेळतोय, बॉक्सच नाही, अडकलोय! – वाचक, हडपसर

१४०.१५. जा, खेळ पुढे.

आता तुला माझी हकिगत सांगतो. २००१ च्या सुमाराला मी आणि माझा आतेभाऊ, आम्ही पेठेतल्या एका दुकानातून हा गेम आणला, बॉक्स कसला, दोन सीड्या, पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी आणि वर मार्करने १ आणि २ लिहिलेलं. गेममध्ये बेकर नावाचा कैदी सांगतो की नंबर सीडीच्या बॉक्सच्या मागे आहे, आणि गंमत बघ, तोच बेकर आपल्या नायकाला गोष्टीतली एक डिस्कपण देतो, त्यामुळे आमची खात्री की नंबर त्या डिस्कवरच असणार. आम्ही ती डिस्क सामानातून काढून उलटीसुलटी बघायचा प्रयत्न केला, गार्डांच्या अंगावर फेकता येते का तेही बघितलं, परत मागे जाऊन सगळी कपाटं शोधली. दोन आठवडे गेले. मग आतेभाऊ म्हणाला, वायरलेसवर सगळे नंबर लावून बघू, एकेक. त्याच्या दहावीच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही रकाने आखले, १४०.८५ पासून खाली खाली येत गेलो, प्रत्येक नंबर लावायचा, वाट बघायची, फुली मारायची. खाली सत्तराव्या नंबरला पलीकडून मुलीचा आवाज आला आणि आम्ही असे ओरडलो की खालून आत्या विचारायला वर आली. तो बॉक्स खरोखरच आपल्या हातातला बॉक्स होता, त्याच्या मागच्या छोट्या फोटोत नंबर छापलेला होता, हे मला काही वर्षांनी एका मित्राकडे खरी प्रत बघितली तेव्हा कळलं.

त्याच गेममध्ये पुढे सायको मँटिस नावाचा शत्रू येईल, जो तुझं मन वाचतो म्हणतो. मूळ प्लेस्टेशनवर तो मेमरी कार्डवर कोनामीचे आणखी कुठले गेम सेव्ह आहेत ते सांगायचा, कंट्रोलर जमिनीवर ठेवायला सांगून तो नुसत्या थरथरीने हलवून दाखवायचा, आणि त्याला हरवायचं तर कंट्रोलर काढून दुसऱ्या पोर्टमध्ये लावायचा म्हणजे त्याला मन वाचता यायचं नाही. आम्ही हे बघून अक्षरशः प्लेस्टेशनपासून दोन हात लांब सरकलो होतो. टीव्हीच्या चौकटीबाहेर येऊन खेळणाऱ्याच्या खोलीत हात घालायचं धाडस एवढ्या मोठ्या गेममध्ये तोवर मी तरी बघितलं नव्हतं.

कोजिमाला काढलं का? त्याच्याशिवाय केलेला डेल्टा घ्यावा का? – वाचक, बाणेर

डिसेंबर २०१५ मध्ये तो कोनामीतून बाहेर पडला आणि त्याने स्वतःचा स्टुडिओ सुरू केला, सिरीजचे हक्क मात्र कोनामीकडेच राहिले. त्यानंतर २०१८ ला आलेला ‘मेटल गिअर सर्व्हाइव्ह’ मला अजिबात आवडला नाही, त्यात लपण्याचा जीवच नव्हता. डेल्टा ऑगस्ट २०२५ मध्ये आला आणि तो घ्यावा असं माझं मत, कारण त्यांनी मूळ गोष्टीला आणि गार्डांच्या वागण्याला उगाच धक्का लावलेला नाही.

माझा मुलगा कॉलेजला आहे, सुट्टीत दिवसभर हा डेल्टा खेळतो. मला बंदुका दिसल्या की काळजी वाटते. पण मी परवा बघितलं तर तो पंधरा मिनिटं गवतात नुसता पडून होता! हा नक्की काय प्रकार आहे? – गृहिणी, सहकारनगर

ताई, काळजी वाटणं बरोबर आहे, हा गेम मोठ्यांसाठीचाच आहे, त्यात रक्त आहे, छळाचे प्रसंग आहेत, शाळकरी मुलांच्या हातात मी तो देणार नाही. पण तुमचा मुलगा पंधरा मिनिटं पडून होता याचा अर्थ तो चांगला खेळतोय. सुरुवातीपासून त्याच्याकडे झोपेच्या औषधाची बंदूक असते, आणि वाटेतला एकही सैनिक न मारता सगळा गेम पुरा करता येतो. तसं खेळायचं तर सैनिकाची चाल पाठ होईपर्यंत पडून राहावंच लागतं. यात एक म्हातारा नेमबाज आहे, त्याच्याशी झुंज चालू असताना गेम सेव्ह करून आठवडाभर बंद ठेवला तर परत आल्यावर तो म्हातारपणाने गेलेला असतो, इथवर या लोकांनी विचार केलाय.

आणि पुढे एक नदी येते. त्या नदीतून नायकाला हळूहळू चालत जावं लागतं आणि समोरून भुतं येतात, तोवर त्याने ज्यांना ज्यांना मारलं ते सगळे, एकामागून एक, ज्या जखमेने मेले ती जखम घेऊन. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा बेछूट गोळ्या चालवल्या होत्या आणि ती नदी संपता संपत नव्हती, कंट्रोलर हातात धरून मी त्यांचे चेहरे बघत बसलो होतो. दुसऱ्यांदा कुणालाच मारलं नाही, फक्त गोष्टीतले ठरलेले तीनचार जण आले आणि बाकी नुसतं पाणी. मुलाला विचारून ठेवा नदी कधी येणार आहे, आणि त्या दिवशी चहा घेऊन त्याच्या शेजारी बसा.