सेन्सर लावला, तरी बेअरिंग गेलंच कसं?

प्रश्न : दीड किलोवॉटच्या मोटरींना कंपन मोजणारे सेन्सर लावले. दिवसाला पंधरा-वीस अलार्म वाजतात, त्यामुळे आता कुणी बघतही नाही. आणि एका मोटरीचं बेअरिंग मात्र काहीच सूचना न देता गेलं. सॉफ्टवेअर बदलावं का?

उत्तर : सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी सेन्सर कुठे बसवलाय ते बघा. मागच्या पंख्याच्या पत्र्याच्या झाकणावर असेल, तर मोटर ठणठणीत असली तरी पत्रा थरथरतो आणि अलार्म वाजतो. सेन्सर बेअरिंगच्या अगदी जवळ, जाड बिडावर हवा. तिथला रंग खरवडा, जागा सपाट करा आणि जमल्यास आटे पाडून स्टडवर (आट्यांच्या खिळीवर) कसा. रंगावर नुसतं चुंबकाने चिकटवलं की वरच्या फ्रिक्वेन्सी, म्हणजे फार जलद कंपनं, वाटेतच विरतात.

बेअरिंग गुपचूप का गेलं, याचं कारण याच वरच्या फ्रिक्वेन्सींमध्ये आहे. या आकाराच्या मोटरीत बहुधा ६२०५ बेअरिंग असतं, नऊ गोळ्यांचं. मिनिटाला १४४० फेरे म्हणजे सेकंदाला २४. बाहेरच्या रिंगवर टवका उडाला, तर प्रत्येक फेऱ्याला सुमारे ३.५८ ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला ८६. ठोके सुरुवातीला इतके बारीक असतात की एकूण कंपनवेगाचा आकडा हलतच नाही. प्रत्येक ठोक्याने बेअरिंगचं घर मात्र काही हजार हर्ट्झवर किणकिणतं, आणि दोष पहिल्यांदा कळतो तो तिथेच. स्वस्त चिप-सेन्सर बऱ्याचदा सेकंदाला ३२०० नमुनेच (मोजमापंच) घेतो, म्हणजे त्याला त्याच्या निम्म्या, १६०० हर्ट्झच्या वरचं दिसणारच नाही. १०,००० हर्ट्झपर्यंत बघायचं, तर दुपटीहून थोडे जास्त, सेकंदाला २५,६०० नमुने हवेत आणि त्यावर एन्व्हलप विश्लेषण, म्हणजे त्या किणकिणीतून ठोक्यांची लय वेगळी काढणं.

आता खोटे अलार्म. मोटर चालू होतानाची पहिली काही सेकंदं मोजमापातून वगळा. एका आकड्यावर घंटा वाजवू नका. लागोपाठ तीन वाचनं मर्यादेपलीकडे गेली तरच वाजू द्या. आयएसओ १०८१६ या यंत्रांच्या कंपनाच्या आंतरराष्ट्रीय मानकात (२०१६ पासून त्याच्या जागी आयएसओ २०८१६ येऊ लागलं) १५ किलोवॉटपर्यंतच्या यंत्रांना १.८ मि.मी. प्रति सेकंद कंपनवेगाच्या पुढे सावध आणि ४.५ च्या पुढे धोका मानलेला होता. सुरुवातीला हे आकडे पुरेत. दोन-तीन आठवडे रोजच्या भारावर नोंदी घेतल्या की प्रत्येक मोटरीची स्वतःची मर्यादा ठरवता येते, आणि माझ्या मते भरवशाची तीच.

प्रश्न : एवढ्या डेटासाठी ५जी लागेल का?

उत्तर : नाही. तीन अक्ष, स्वस्त सेन्सरचे सेकंदाला ३२०० नमुने, प्रत्येकी २ बाइट, असं सगळं पाठवलं तर एका सेन्सरचे दिवसाला सुमारे १.६६ जीबी होतात. हिशेब सेन्सरजवळच्या छोट्या कंट्रोलरवर करा आणि दहा मिनिटांनी चार-पाच आकडे पाठवा. त्याला साधी वायरही पुरते.

प्रश्न : मग कान लावून बिघाड सांगणाऱ्या फिटरचं काय?

उत्तर : त्याला बाजूला केलं, तर ही यंत्रणा आंधळी होईल. दोष ओळखायला एआयला दोषांची उदाहरणं लागतात, आणि नीट चालणाऱ्या कारखान्यात ती वर्षाकाठी मोजकीच मिळतात. कंपनाच्या आलेखातला चढ बेअरिंगचा होता, मोटर आणि यंत्र जोडणारं कपलिंग वाकडं बसल्याचा होता की पायाचा बोल्ट सैल झाल्याचा, हे मोटर उघडणाऱ्यालाच ठाऊक असतं. ते लिहून ठेवलं नाही, तर आलेख नुसताच वर-खाली होत राहतो. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर तारीख, मोटरीचा क्रमांक, काय सापडलं आणि काय बदललं, हे त्याच्याच हातून सिस्टीममध्ये जाऊ द्या. काढलेलं बेअरिंग लगेच भंगारात टाकू नका. कापून आतली रिंग बघा, टवक्याचा फोटो त्याच नोंदीला जोडा. या कामाचा वेळ त्याच्या पाळीत धरा आणि पगारातही. जादा काम म्हणून गळ्यात मारलं, तर रकान्यात ‘ओके’ एवढंच लिहिलेलं सापडेल.