गावकरी, गांवकार आणि कोमुनिदाद

एका वाचकांनी विचारलेल्या प्रश्नाचा आशय असा आहे: गोव्याच्या इतिहासावरील मराठी लेखनात ‘तिसवाडीच्या गावकऱ्यांनी १५४१ मध्ये देवळांच्या जमिनींचे उत्पन्न पोर्तुगिजांच्या स्वाधीन केले’ अशा अर्थाचे वाक्य आढळते. तेथे ‘गावकरी’ म्हणजे गावातील सगळी माणसे समजायची का? पुढे ज्या ‘कोमुनिदाद’चा उल्लेख येतो, ती संस्था पोर्तुगिजांनी स्थापन केली का? आणि गावकर या आडनावाचा या सगळ्याशी काही संबंध आहे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. देशावरच्या आणि आजच्या प्रमाण मराठीत गावकरी म्हणजे ग्रामस्थ. गावात ज्याचे बिऱ्हाड आहे तो प्रत्येक जण गावकरी. गोव्यात मात्र ‘गांवकार’ ही हक्काची संज्ञा आहे. ज्या मूळ कुळांनी गाव वसवला असे परंपरेने मानले जाते, त्या कुळांच्या पुरुष वंशजांनाच गांवकार म्हणत आणि त्यांच्या सामायिक संस्थेला गांवकारी. मराठी वाचकाला जवळचा शब्द हवा असेल तर तो मिरासदार, म्हणजे जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असणारा, हा होय. मिरासदार आणि उपरी (असा हक्क नसलेला, बाहेरून आलेला कसणारा) यांच्यात जो भेद असे, तसाच काहीसा भेद गांवकार आणि गावातील इतर रहिवासी यांच्यात होता. तरीही दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी चालणार नाहीत. मिरासदाराची जमीन त्याच्या घराण्याच्या नावावर असे, तर गांवकारीची जमीन मुख्यतः सगळ्या गावसंस्थेची असे आणि एकेका गांवकाराला तिचा तुकडा विकून टाकण्याची मुभा नसे.

ही संस्था कशी चाले हे थोडे तपशिलात पाहिले पाहिजे, कारण ते कळल्याशिवाय पोर्तुगीज अंमलाने नेमके काय बदलले हे लक्षात येत नाही. गांवकारांची कुळे ‘वांगड’ म्हणून ओळखली जात आणि सभेत वांगडांचा क्रम आणि मान ठरलेला असे. तिसवाडी (जुने गोवे ज्यावर आहे ते बेट), बारदेश आणि सासष्टी या गोव्याच्या भागांतील कितीतरी शेती ही ‘खाजन’ प्रकारची, म्हणजे खाडीचे खारे पाणी बांध घालून मागे हटवून मिळवलेली जमीन आहे. भरतीच्या वेळी पाणी आत येऊ नये आणि ओहोटीला शेतातले पाणी बाहेर पडावे यासाठी बांधात ‘मानस’ नावाची दारे बसवलेली असतात. एक बांध फुटला तर एका शेतकऱ्याचे नव्हे, साऱ्या गावाचे भात खारवते. म्हणूनच बांधांची डागडुजी हे एकेकट्याचे काम असणे शक्यच नव्हते. ते गांवकारी करीत असे. शेते ठरावीक मुदतीने लिलावात खंडाने दिली जात, त्या उत्पन्नातून राजाचा सारा, बांधांचा खर्च, देवळाचा खर्च आणि गावच्या सेवेकऱ्यांचे मोबदले भागवले जात आणि जे उरेल ते गांवकारांत वाटले जाई. या वाटपाला ‘झोण’ म्हणतात. देवळासाठी व गावच्या सेवेकऱ्यांसाठी वेगळ्या राखलेल्या जमिनींना ‘नमशी’ असे नाव होते. निर्णय गांवकारांच्या सभेत होत, कुळकर्णी ते लिहून ठेवी, आणि त्या निर्णयाला ‘नेम’ म्हणत.

अफोंसो द आल्बुकेर्क याने १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवा जिंकला तेव्हा ही सगळी व्यवस्था उभी होती. नव्या राज्यकर्त्यांकडे माणसे थोडी होती, त्यांना सारा हवा होता, आणि तो गावागावांतून गोळा करण्याची यंत्रणा आयतीच तयार होती. म्हणून त्यांनी ती मोडली नाही. १५२६ मध्ये अफोंसो मेशिया या महसूल अधिकाऱ्याने तिसवाडीतील गावांचे रीतिरिवाज लिहवून घेऊन त्यांची सनद तयार केली. ती ‘फोराल’ या नावाने प्रसिद्ध आहे. तिच्या आरंभीच असे म्हटले आहे की पूर्वी चार माणसे या ओसाड बेटावर आली, त्यांनी जमीन लागवडीखाली आणली, वस्ती वाढवली आणि चांगल्या कारभारामुळे त्यांना गांवकार हे नाव पडले; राजे आणि त्यांचा सारा हे सगळे नंतरचे. जिंकणाऱ्यानेच आपल्या कागदात ‘गाव आधी, राजा नंतर’ हे मान्य केलेले आहे, आणि म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही या सनदेतच मिळते. संस्था पोर्तुगिजांची नव्हे. त्यांनी तिला लेखी रूप दिले आणि पुढे तिचे नाव बदलले.

मात्र लेखी रूप देणे हे निरुपद्रवी काम नव्हते. जो रिवाज सभेत वाद घालून वाकवता येत होता, तो आता परक्या राजाच्या सनदेतील कलम झाला आणि त्याचा अर्थ लावण्याचा अंतिम अधिकार ‘तानादार-मोर’ या अधिकाऱ्याकडे गेला. (हा शब्द आपल्या ठाणेदारावरूनच बनलेला आहे.) फोरालमधील एक कलम मला या दृष्टीने फार बोलके वाटते. तिसवाडी बेटावर भाताची पहिली कापणी करण्याचा मान ताळगावच्या गांवकारांचा होता. सनदेने तो मान कायम ठेवला, परंतु पहिली कणसे जुन्या गोव्यातील मुख्य चर्चच्या वेदीसमोर नेऊन ठेवावीत असे ठरवून दिले. मान तोच, गांवकार तेच, भातही तेच. ते कोणासमोर ठेवायचे एवढे फक्त बदलले. ताळगावचे ‘कणसांचे फेस्त’ आजही ऑगस्ट महिन्यात साजरे होते आणि पहिली कणसे कापण्याचा मान आजही गांवकारांकडेच आहे.

आता १५४१ च्या वाक्याकडे येऊ. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली. देवळे गेली तरी त्यांच्या नमशीच्या जमिनी होत्या आणि त्यांचे उत्पन्नही होते. १५४१ मध्ये तिसवाडीच्या गांवकारांना एकत्र बोलावून हे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्यासाठी देण्यास त्यांची संमती घेण्यात आली, आणि त्यातून पुढे सेंट पॉल कॉलेजासारख्या संस्थांचा खर्च चालला. कागदोपत्री हे स्वखुशीने दिलेले दान आहे. परंतु ज्यांची देवळे नुकतीच पाडली गेली होती त्यांच्या संमतीला स्वखुशी म्हणणे मला तरी शक्य नाही. अशा मजकुरात ‘गावकऱ्यांनी उत्पन्न दिले’ असे मराठीत लिहिले की दोन चुका एकाच वेळी होतात: साऱ्या गावाने मिळून हा निर्णय घेतला असे वाटते, आणि तो गावाच्या मनाने घेतला असेही वाटते. वस्तुतः तो थोड्या हक्कदार पुरुषांकडून दडपणाखाली घेतलेला होता, आणि त्याचे परिणाम मात्र देवळाच्या नमशीवर पोट भरणाऱ्या पुजारी, वाजंत्री, भाविणी (देवळाच्या सेवेतील स्त्रिया), माळी अशा सगळ्यांना भोगावे लागले, ज्यांना त्या सभेत जागाच नव्हती.

१५४३ मध्ये बारदेश आणि सासष्टी कायमचे पोर्तुगिजांकडे गेले आणि हेच पुढे तेथेही घडले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, अशा देवता तेव्हाच्या पोर्तुगीज हद्दीबाहेर गेल्या हे महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांना आपल्या कुळदेवतांमुळे ठाऊक असते. मागे राहिलेल्या गांवकारांपुढे जो पेच होता तो तितकासा सांगितला जात नाही. गाव सोडला तर वांगडाचा हक्क, झोण आणि जमिनीतला वाटा जात होता. गावात राहायचे तर धर्म बदलण्याचे दडपण वाढत होते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे नियम आले की ख्रिस्ती गांवकारांची नावे आधी लिहावीत आणि सभेत हिंदू गांवकारांचे संख्याबळ वरचढ होऊ देऊ नये. सभा तीच राहिली, पण तिच्यात बोलण्याची किंमत धर्मावर ठरू लागली. म्हणूनच अनेक ठिकाणी एखादा माणूस नव्हे, तर वांगडच्या वांगड बाटले. आपला गाव आणि आपला क्रम राखण्याची तीच एक वाट त्यांना दिसली असावी.

याचा आणखी एक परिणाम झाला. वांगड अखंड बाटल्यामुळे जातीही त्यांच्याबरोबर नव्या धर्मात गेल्या. बामण, चारडे आणि सुदीर हे भेद गोव्यातील ख्रिस्ती समाजात टिकून राहिले, आणि कित्येक चर्चमधील कोंफ्रारी, म्हणजे उत्सवाचा मान असलेली मंडळे, गांवकारांपुरतीच राखीव राहिली. पूर्वी देवळाचा खर्च उचलणारी गांवकारी आता चर्च बांधण्याचा आणि चालवण्याचा खर्च उचलू लागली. सत्तेने धर्म बदलला, पण मानापानाची उतरंड तिला उपयोगी असल्यामुळे तशीच ठेवली; या काळातील साम्राज्यांचा जितांवर जो खोल परिणाम झाला तो बऱ्याचदा अशा जुळवून घेण्यातून झालेला दिसतो.

सगळ्यांनीच जुळवून घेतले असे मात्र नाही. सासष्टीतील कुंकळ्ळीच्या गांवकारांनी कर थांबवले, पाडलेली देवळे पुन्हा उभारली, आणि जुलै १५८३ मध्ये चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या रुदोल्फो आक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइट धर्मप्रचारकांना व त्यांच्या सोबतच्या काही ख्रिस्ती लोकांना ठार मारले. त्यानंतर प्रमुख गांवकारांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळणेच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. कुंकळ्ळी, वेरोडा, असोळणे, वेळी आणि आंबेली या गावांच्या जमिनी जप्त झाल्या आणि गांवकारीचा हक्कच काढून घेण्यात आला. पुढच्या शतकात पोर्तुगालमधील एका उमरावाला ‘कुंकळ्ळीचे काउंट’ असा किताबही मिळाला. गांवकारी टिकवणे हे राज्यकर्त्यांचे औदार्य नव्हते, तो आज्ञाधारकपणाचा मोबदला होता, हे या एका उदाहरणावरून पुरेसे स्पष्ट होते. वांगडांची ओळख मात्र जप्त करता आली नाही. कुंकळ्ळीकरीण शांतादुर्गा फातर्प्याला गेली, तिची पालखी दरवर्षी फाल्गुनात आपल्या मूळ गावी येते आणि त्या छत्र्यांच्या उत्सवात बारा वांगडांच्या छत्र्या निघतात. गावातील ख्रिस्ती गांवकारही आपले वांगड जाणतात.

‘कोमुनिदाद’ हा शब्द अधिकृत व्यवहारात खऱ्या अर्थाने रुळला तो बराच उशिरा. जुन्या पोर्तुगीज कागदांत ‘गांकार’ आणि ‘गांकारिया’ हेच शब्द पोर्तुगीज वळणाने येतात, आणि सभेच्या ठरावालाही ‘नेमो’ म्हटलेले आढळते. एकोणिसाव्या शतकात सरकारने या संस्थांसाठी सविस्तर नियम केले, १९०४ मध्ये त्यांची संहिता आली आणि १९६१ ची संहिता, काही दुरुस्त्यांसह, आजही गोव्यात लागू आहे. अशा दोनशेहून अधिक संस्था अजून नोंदलेल्या आहेत. कोमुनिदाद म्हणजे समुदाय. शब्द ऐकायला सर्वसमावेशक वाटतो आणि हाच त्याचा दोष आहे. कूळ (येथे खंडाने शेती कसणारे), मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे), गावडे-कुणबी, गावच्या कारागीर जाती आणि स्त्रिया हे सगळे गावाच्या समुदायात होते, पण या ‘समुदाया’त सामान्यतः नव्हते. यांपैकी गावड्यांना तर अनेक अभ्यासक गोव्याचे सर्वांत जुने रहिवासी मानतात. साम्राज्य येण्याआधीही गांवकारी हा थोड्यांचा अधिकार होता, हे गोव्याविषयीच्या जिव्हाळ्यापोटी विसरून चालणार नाही. साम्राज्याने त्या थोड्यांना आपले हस्तक केले आणि बाकीच्यांवरचा भार वाढवला.

येथे उत्तरेकडचा एक फरक नोंदवतो, कारण ‘पोर्तुगीज अंमल’ असा सरसकट उल्लेख करण्याची आपल्याला सवय आहे. १५३४ मध्ये मिळालेल्या वसई प्रांतात पोर्तुगिजांनी गावेच्या गावे आपल्या माणसांना खंडाने देऊन टाकली. मुंबई बेट काही काळ गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे असेच होते. गांवकारीसारखी मधली संस्था तेथे आड नसल्यामुळे कुणबी थेट पोर्तुगीज खंडदाराच्या हाताखाली आला. या खंडाला ‘फोरो’ म्हणत, आणि मुंबईतल्या ‘फोरास’ जमिनी व फोरास रोड हे नाव त्यावरूनच आलेले आहे. एकच सत्ता, एकच शतक, आणि जित लोकांची स्थिती मात्र वेगळी.

गावकर या आडनावाविषयी थोडेच सांगायचे आहे. त्याचाही अर्थ ‘गावात राहणारा’ असा नसून ‘गावाचा हक्कदार, मानकरी’ असाच आहे. परंतु हा मान फक्त गोव्यापुरता नव्हता. सिंधुदुर्गातील गावऱ्हाटीत, म्हणजे गाव व देवस्थान यांच्या पारंपरिक कारभारात, गावकर हा देवस्थानाचा आणि गावाचा मानकरी असतो आणि कारवारकडेही हे आडनाव सर्रास आढळते. त्यामुळे केवळ आडनावावरून कोणाचे पूर्वज गोव्यातील गांवकारीत होते असे ठरवता येणार नाही. लेखनात मात्र भेद पाळणे सोपे आहे: गोव्यातील हक्कदारांविषयी लिहिताना ‘गांवकार’ आणि संस्थेविषयी लिहिताना ‘गांवकारी’ हे शब्द अनुस्वारासह तसेच ठेवावेत, एकोणिसाव्या शतकानंतरच्या संदर्भात ‘कोमुनिदाद’ म्हणावे, आणि ज्यात कूळ-मुंडकारांसह सगळे आले असे खात्रीने म्हणता येते तेथेच ‘गावकरी’ किंवा ‘ग्रामस्थ’ वापरावे.