एका गेममध्ये चौदा सॉरी

"माझ्यामुळे त्यांचं नुकसान होतंय." इंदूरच्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्या खोलीत या वाक्याइतकं दुसरं कुठलंच वाक्य ऐकलं नसेन. मुलाकडे राहायला आलेल्या आज्या, नोकरी गेलेले नवरे, दुसऱ्यांदा नापास झालेल्या मुली. मी भार झालोय, बाजूला झालेलं बरं. गेल्याच आठवड्यात पुन्हा दोघांकडून ऐकलं, म्हणून हा जुना अनुभव, ओळखीच्या खुणा बदलून.

रामबागेतलं मराठी कुटुंब, वीस वर्षांचा मुलगा, बॅडमिंटन डबल्स खेळणारा. आधी वडीलच बोलले. "आपल्या धारचा प्रियांशु राजावत बघा, सिंगल्स खेळतो, नाव त्याचं एकट्याचं. याला डबल्सचा नाद." डबल्समधले सात्विक-चिराग २०२३ मध्ये एशियाडचं सुवर्ण जिंकून जगात पहिले झाले, हे त्यांना ठाऊक होतं. "पण तशी जोडी नशिबानं मिळते हो, ताई." मी त्यांना बाहेर बसवलं.

मुलगा म्हणाला, "काकू, मी जोडी सोडतोय."

पार्टनर उंच, मागून स्मॅश मारणारा, हा नेटवर. तीन स्पर्धांत ऐन वेळी याची शॉर्ट सर्व्हिस जाळ्यात गेली होती. डबल्सची क्रमवारी जोडीच्या नावावर लागते, म्हणजे याच्या चुकीचा फटका त्यालाही. "त्याला कोणीही चांगला पार्टनर मिळेल. मीच अडकवून ठेवलंय."

"असं तो म्हणाला?"

"म्हणेल कसा? चांगला मुलगा आहे."

समोरच्याला न विचारता त्याच्या वतीने निर्णय घ्यायचा आणि त्याला त्याग म्हणायचं, हे मी फार पाहिलंय. त्यात थोडा अहंकारही असतो, पण हे पहिल्या भेटीत बोलायचं नसतं.

दोन-तीन भेटी सर्व्हिसवरच गेल्या. माझं बॅडमिंटनचं ज्ञान बेताचं. सर्व्हिस करताना शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खालीच असावं लागतं, हेही त्यानेच शिकवलं. मग मी एका मॅचचा व्हिडिओ मागवला. खेळ मला कळणार नव्हताच, म्हणून आवाज वाढवला आणि कानांनी पाहिलं. एका गेममध्ये चौदा सॉरी. दोघांच्या मधून गेलेल्या शटललाही सॉरी यानेच म्हटलेलं.

"सॉरी म्हटल्यावर तो काय करतो?"

"'कोई नी भिया' म्हणतो. पाठीवर थाप मारतो."

"म्हणजे चूक तुझी, आणि पुढच्या सर्व्हिसच्या आत समजूत काढायचं काम कोणाचं?"

तो काही बोलला नाही. मीही नाही. अशा वेळी बोलायची घाई न करणं मला वीस वर्षांनी जमायला लागलंय. त्याने व्हिडिओ मागे नेला, एकदा, पुन्हा एकदा. प्रत्येक सॉरीनंतर पार्टनर वळून याच्याकडे येत होता. पलीकडची जोडी तेवढ्यात पुढची चाल ठरवत होती.

"काकू, मी त्याला माझ्याच कामाला लावलंय."

मला हे जुन्या अनुभवाने माहीत होतं, पण इतकं लख्ख दिसलं नव्हतं. आपण दुखावलं असेल तर माफी एकदा, स्पष्ट मागावी. वारंवार निघणारं सॉरी मात्र माफी नसते. 'मी नकोसा नाही ना, सांग' अशी ती मागणी असते. "माझं काय, मी अशीच" असं सासूबाई म्हणतात, तेव्हा पोळ्या लाटता लाटता सून त्यांची समजूत काढत बसते. त्यापेक्षा त्यांनी मेथी निवडायला मागावी. आणि आपण खरंच भार झालोय का, हे मनात ठरवू नये. त्या माणसाला विचारावं आणि त्याचं उत्तर खरं धरावं.

त्याला दोनच कामं दिली. सॉरी ओठांवर आलं की त्याऐवजी पुढच्या पॉइंटचं काहीतरी बोलायचं. आणि पार्टनरला सरळ विचारायचं.

उत्तर आलं, "छोडना होता तो बोल देता. तू बस सॉरी बंद कर, ध्यान भटकता है."

जोडी आणखी एक सीझन टिकली. मग कोचनी जोड्या बदलल्या. मी त्याला डबल्स खेळणाऱ्या अश्विनी पोनप्पाची आठवण करून दिली. २०११ मध्ये ज्वाला गुट्टाबरोबर विश्वस्पर्धेचं कांस्य, आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला खेळली ती तनिषा क्रास्टोबरोबर. त्याला ते माझ्याआधी माहीत होतं, हे ओघाने आलंच.

सर्व्हिस अजून कधीकधी जाळ्यात जाते. मध्यंतरी सहज भेटून गेला. म्हणाला, "नवा पार्टनर फार सॉरी म्हणतो."

"मग तू काय म्हणतोस?"

"'मधलं माझं' म्हणतो, आणि जागेवर जातो."